बेटावरच्या चितळांपर्यंतचा हिशेब: आमच्या चौकातल्या ऑनलाइन सेंटरची प्रवास-सेवा

आमचं गाव भद्रावती तालुक्यात, ताडोब्याच्या बफरला खेटून. चौकात एक ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, आधार-पॅन जोडणं, रानडुकरानं पऱ्हाटी लोळवली की नुकसानीचा अर्ज, सगळं तिथंच होतं. चालवणारा पोरगा पंचविशीतला. अलीकडे त्यानं काचेवर एक कागद चिकटवला आहे: ‘प्रवासाचं नियोजन व बजेट करून मिळेल’. फी दीड हजार, तिकिटं काढायचे वेगळे. गावात बहुतेकांनी तो कागद वाचून सोडून दिला. आम्ही सहाजणांनी पैसे मोजले आणि अंदमानला जाऊन आलो, म्हणून हे लिहितो.

आधीच सांगतो, ह्या सेवेला पाचापैकी चार गुण. एक का कापला ते पुढं येईलच.

अंदमान कशाला, तर चितळं पाहायला. हे ऐकून पानठेल्यावर जे हसू झालं ते अजून थांबलं नाही. ‘‘चितळ पाह्याले समुद्रापार चालला का बे? तुह्या हरभऱ्यात फुकट दिसतात ना!’’ खरं आहे. थंडीत हरभरा हिरवा असला की रात्र मचाणावर जाते, हातात बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. पण एकदा पेपरात वाचलं की अंदमानात चितळ मूळचं नाहीच, इंग्रजांनी नेऊन सोडलं, आणि तिथं वाघ नाही, बिबट नाही. आमच्याकडे वाघ गावच्या नाल्यापर्यंत येतो आणि त्यावरून वर्षभर सभा, निवेदनं, रस्ता रोको चालू असतं. वाघच नसला तर चितळ कसं वागत असेल, हे मला डोळ्यानं पाहायचं होतं. बायकोला आणि शेजारच्या गुरुजींना सेल्युलर जेल पाहायचं होतं. मोठ्या वहिनीला विमानात बसायचं होतं. साळा आणि त्याची बायको वरोऱ्याचे, ते आम्ही चाललो म्हणून आले.

पोऱ्याकडे गेलो तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ‘‘काका, मळ्यावर कोण राहीन?’’ म्हणे. मी म्हटलं, पाहू. तो म्हणाला, पाहू नाही, लिहा. आणि कागदावर पहिली ओळ पडली ती जागल्याची: रात्रीचे चारशे रुपये. कोणत्याही ट्रॅव्हल्सवाल्यानं हा खर्च धरला नसता. साळ्यानं लगेच हरकत घेतली, ‘‘तुमच्या हरभऱ्याचा जागल्या माह्या डोक्यावर काहून?’’ मग ती ओळ माझ्या एकट्याच्या नावावर वेगळी काढली. बरोबरच होतं.

पोऱ्याची हिशेबाची पद्धत आली कुठून, हे गमतीचं आहे. तो रात्री अलास्कातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहतो. तिकडे कोडियाक नावाचं मोठं बेट आहे, तिथं काळ्या शेपटीचं सिटका हरीण असतं. तेही बाहेरून आणून सोडलेलंच. परवाना काढून लोक शिकारीला जातात. बेटावर रस्ते थोडे, म्हणून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं एखाद्या खाडीत उतरायचं आणि ठरलेल्या दिवशी विमान परत न्यायला येतं. धुकं असलं, वारा असला की येत नाही, तंबूत बसून राहा. विमानात वजन मोजून घेतात. जाताना सामान, येताना त्याच्यात मांसाची भर, म्हणून परतीची एक फेरी जास्तीची धरावी लागते. तिकडं अस्वलंही आहेत, मांस फार वेळ उघड्यावर ठेवायची सोय नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि आमच्या गावात कोणी त्या गोष्टी मोठ्यानं बोलतही नाही. पण पोऱ्यानं त्यातून तीन गोष्टी उचलल्या: आधी बेटावर पोचायचा मार्ग ठरवा, मग वजन, मग हवामानासाठी एक दिवस राखीव. हॉटेल सगळ्यात शेवटी. आमचे लोक बरोबर उलटं करतात, आधी हॉटेलचे फोटो पाहतात.

मार्गाचं त्यानं असं केलं. अंदमानला सरकारी जहाजं जातात, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून. स्वस्त पडतं, पण तीनेक दिवस समुद्रात, फेऱ्या मोजक्या, आणि वेळापत्रकाच्या भरवशावर रेल्वेचं तिकीट आधी काढता येत नाही. जागल्याचे सहा-सात दिवस वाढतात ते वेगळेच. हे त्यानं आकड्यात मांडून दाखवलं तेव्हा जहाजाची हौस गुरुजींनीच मागं घेतली. नागपूरहून विमान जोडून जाणं महाग. मग ठरलं बल्लारशा ते चेन्नई रेल्वे, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण सगळे जुन्याच नावानं बोलतात, मीही तेच लिहितो.

विमानाची तिकिटं त्यानं ऑक्टोबरमध्ये काढायला लावली, सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हाच. आम्ही म्हणत होतो कापूस विकू आणि मग काढू. त्यानं ऐकलं नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (पूर्वी एकशेवीस होतं, २०२४च्या नोव्हेंबरपासून साठ), म्हणून ते नंतर. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२०पासून बंद आहे, हे मोठ्या वहिनीला पटवायला मात्र त्याचा अर्धा तास गेला. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून बल्लारशापर्यंत एसटीनं जावं असंही आमच्यात निघालं होतं. त्यानं दोन्ही हिशेब केले. सहाजणं, सहा मोठ्या बॅगा, भद्रावतीला एकदा आणि चंद्रपूरला एकदा बदल, आणि गाडी रात्रीची. बोलेरो एका बाजूचे बावीसशे. बोलेरोच ठरली.

आता तो कागद. फक्त प्रवासाचा, राहणं-खाणं वेगळं, सहाजणांचा:

बोलेरो जाऊन-येऊन ४,४००. रेल्वे स्लीपर, जाता-येता ५,८८०. चेन्नईत स्टेशन ते विमानतळ मेट्रो, दोन्ही वेळचे ४८०. विमान जाताना माणशी ६,४०० आणि येताना ५,९००, मिळून ७३,८००. पोर्ट ब्लेअरला गाडी ८,४००. स्वराज द्वीपची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, खासगी बोट १६,८००. रॉस बेटाची बोट २,७००. आणि शेवटी ‘हवापाणी’, म्हणजे हवामानाचा तो राखीव दिवस, ९,०००. एकूण १,२१,४६०, माणशी वीस हजार दोनशे त्रेचाळीस.

ह्यात दहातले सहा रुपये विमानाचे आहेत. म्हणून ज्याला घासाघीस करायची आहे त्यानं ती विमानाच्या तारखेवर करावी, ऑटोवाल्याशी नाही. मंगळवार-बुधवार धरला तर शनिवारपेक्षा बरंच कमी पडत होतं, त्यानं आमच्यासमोर तारखा फिरवून दाखवल्या. आणि जानेवारीचा शेवट ठरवण्यात त्याचं आमच्यापेक्षा जास्त डोकं होतं. तुरी निघालेल्या, कापसाची वेचणी उरकत आलेली, हरभऱ्याला अजून वेळ. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ, तो टळलेला.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोरगा घरी आला. हे दीड हजारात होतं का नव्हतं माहीत नाही, पण आला. हातात कापूस मोजायचा ताणकाटा. विमानात माणशी पंधरा किलो मोठी बॅग आणि सात किलो हातातली, हे त्यानं आधीच सांगितलं होतं, पण आमच्याकडे सांगितलेलं आणि मोजलेलं यात फरक असतो. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला काटा अडकवला आणि एकेक बॅग लटकवली. माझी बारा. गुरुजींची नऊ, त्यात दोन किलोची पुस्तकं. मोठ्या वहिनीची लटकवली तर काटा एकोणीसवर जाऊन थरथरायला लागला. उघडली. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, तिळाचे लाडू दोन डबे, लोणच्याची बरणी, एक पोळपाट. पोळपाट! ‘‘तिकडं भात खातेत म्हणे लोकं, पोळ्या कुठं भेटन?’’ पोरगा शांतपणे म्हणाला, ‘‘काकू, मी तुमचं वजन नाही विचारून राह्यलो, बॅगचं विचारून राह्यलो.’’ पोळपाट आणि पीठ राहिलं, लोणचं गुरुजींच्या बॅगेत गेलं, लाडवांवर तह झाला. अर्ध्या तासात सहाही बॅगा चौदाच्या आत. पुढं चेन्नई विमानतळावर आमच्या पुढच्या कुटुंबाला जादा वजनाचे किलोमागे पाचशेच्या वर भरावे लागले आणि काउंटरवरच त्यांचं भांडण जुंपलं. आमच्या बॅगा पट्ट्यावरून सरसर गेल्या.

रेल्वेबद्दल फार लिहीत नाही. बल्लारशा सोडलं की वारंगळ, विजयवाडा करत सकाळी चेन्नई, पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. गाडी उशिरा आली तर विमान चुकू नये म्हणून त्यानं एक रात्र चेन्नईत ठेवली होती. मेट्रो थेट सेंट्रल स्टेशनपासून विमानतळाच्या आत सोडते, हे त्यानं कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं, कारण स्टेशनबाहेर टॅक्सीवाले घेरतात. घेरलंच. साळा एकाशी बाराशेवर सौदा करत होता, बायकोनं कागद दाखवून त्याला जिन्यावरून खाली नेलं.

पोर्ट ब्लेअरला एक गोष्ट आधी माहीत असल्यानं फायदा झाला. घड्याळ आपलंच, पण देश तिथं पूर्वेला इतका सरकलेला आहे की जानेवारीत पाच-साडेपाचला अंधार पडतो. गाडी दिवसभराच्या ठोक भावात घेतली तर चार वाजल्यानंतरचे पैसे पाण्यात. म्हणून त्यानं जेल आणि रॉस एका दिवसात घातले, दोन्ही अॅबर्डीन भागात, मध्ये गाडी सोडून द्यायची. सकाळी रॉसची बोट, दुपारी जेल. जेलमध्ये गुरुजी सावरकरांच्या कोठडीसमोर बराच वेळ उभे होते. १९११ ते १९२१, दहा वर्षं त्या इमारतीत. त्यावर लिहायला दुसरे लोक आहेत.

रॉस. २०१८पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. धक्क्यावरून समोरच दिसतं, बोटीत बसेपर्यंतच काय तो वेळ. १८५८पासून इंग्रजांचा सगळा कारभार ह्या चिमुकल्या बेटावरून चालायचा. १९४१च्या भूकंपानंतर ते उठले, मग जपानी आले, आता पडक्या भिंती आणि भिंतींना मिठी मारून बसलेली वडा-पिंपळाची मुळं. उतरल्या-उतरल्या नारळाच्या झाडाखाली चितळ. मी सवयीनं हात वर केला, हाकलायला. ते हललं नाही. जवळ आलं आणि बायकोच्या पिशवीत तोंड घातलं.

मी आयुष्यभर चितळाचं शेपूट पाहिलं आहे. पांढरं, वर उचललेलं, पळणारं. त्याच्या नाकपुड्या ओल्या असतात, पापण्यांचे केस इतके लांब असतात, हे कधी पाहिलं नव्हतं. चर्चच्या पडक्या भिंतीजवळ एक नर वाटेतच बसला होता, शिंगांवर अजून मखमल. लोक त्याच्या बाजूनं वाट काढत होते, तो रवंथ करत होता. एका पोरीच्या हातातला चिप्सचा पुडा एका मादीनं ओढून नेला आणि प्लास्टिकसकट चावायला लागली, तेव्हा तिथल्या माणसानं धावत येऊन काढून घेतला. मोठी वहिनी म्हणाली, ‘‘हे तर आपल्या बकऱ्या झाल्या गा.’’

पण मी झाडं पाहत होतो. जिथवर मान पोचते तिथवर नवं रोप जवळपास नाही. मोठी झाडं आहेत, खाली मोकळं. अंदमानात अभ्यास करणाऱ्यांनी हेच मांडलं आहे, की चितळं वाढली आणि जंगलाची खालची झाडी विरळ झाली. ती पोहतातही चांगली, एका बेटावरून दुसऱ्यावर जातात. एवढ्या लांब येऊन मला जे पाहायचं होतं ते त्या अर्ध्या दिवसात पाहून झालं. गावी आल्यावर वाघाच्या निवेदनावर सही करायला कागद आला, मी केली. नाल्यापर्यंत येतो तो, करणार काय. पण ह्या वेळी सही करताना पूर्वीइतका जोर नव्हता.

आता कापलेला एक.

स्वराज द्वीपची बोट कागदावर होती, पण त्या बेटावर उतरल्यानंतरचं काहीच नव्हतं. धक्का एकीकडे, हॉटेल दुसरीकडे, राधानगरचा किनारा बेटाच्या पार पलीकडे. सहाजणं आणि बॅगा. तिथं गाडी ठरवल्याशिवाय हलता येत नाही आणि धक्क्यावर उतरल्यावर ठरवायला गेलं की भाव त्यांचाच. ४,२०० गेले. पोऱ्यानं विमानापासून मेट्रोपर्यंत सगळं मोजलं आणि शेवटचे दहा-बारा किलोमीटर सोडून दिले. बेटाच्या प्रवासात हीच जागा राहून जाते, कारण नकाशावर बेट एवढंसं दिसतं.

दुसरं, साळ्याच्या बायकोचं नाव. आधारवर माहेरचं मधलं नाव, तिकिटावर सासरचं. पोऱ्यानं रेशन कार्डावरून भरलं होतं. चेन्नईला काउंटरवर अडवलं, दुरुस्तीचे दीड हजार भरले, वीस मिनिटं घाम. त्याला परत आल्यावर सांगितलं तर त्यानं दुरुस्तीतले अर्धे पैसे काढून टेबलावर ठेवले. साळ्यानं घेतले. मी असतो तर घेतले नसते, पण ते त्याचं तो जाणे.

तिसरं किरकोळ. जेलपाशी गाडी थांबवली त्याचे बाराशे वेटिंग लागले. ठोक भावात वेटिंग आहे का, हे आधी विचारायला पाहिजे होतं.

आणि ‘हवापाणी’. परतीच्या आधी पोर्ट ब्लेअरला एक जादा दिवस आणि त्या दिवसाची गाडी, हे त्या नऊ हजारातलं. ६,३०० गेले, २,७०० उरले. हवा छान होती, समुद्र शांत, बोट वेळेवर. साळ्याचं म्हणणं, तो दिवस फुकट गेला, बाजारात शंखशिंपले पाहत बसलो. ह्यावर आमचं अजून जमत नाही. स्वराज द्वीपहून परत येणारी बोट वाऱ्यामुळे रद्द झाली असती तर सहाजणांचं विमान गेलं असतं, पस्तीस हजारांचं. नऊ हजार ठेवले ते त्याच्यासाठी. साळा म्हणतो, झाली नाही ना रद्द. पीक विमा काढताना तो असंच म्हणतो.

सगळं धरून कागदापेक्षा ४,२०० जास्त गेले, म्हणजे १,२५,६६०. जागल्याचे माझे वेगळे. हरभरा शाबूत होता, एका कोपऱ्यात रोही फिरून गेले तेवढं सोडून.

कोणाला ही सेवा घ्यावी असं वाटलं तर थोडं सांगतो. आधार कार्ड स्वतः हातात घेऊन, प्रत्येक नावाचं एकेक अक्षर त्याच्या स्क्रीनवर वाचून घ्या. बेटावरच्या गाडीचं त्याला मुद्दाम विचारा, आता त्यानं आपल्या कागदात ती ओळ घातली आहे असं तो सांगतो. दीड हजार देताना पावती मागा, देतो. आणि जुलैत त्याच्याकडे जाऊ नका. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, सेंटरबाहेर रांग पिंपळापर्यंत जाते, सर्व्हर बसलेला असतो आणि पोऱ्या कोणाशी सरळ बोलत नाही. पोळा झाल्यावर जा, सकाळी नऊच्या आत, लाइट असते तेव्हा.